सतरावी खुंटी

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी हेमकांत पुरुषोत्तमनगरच्या कॅम्पवरून निघाला तेव्हा काम अगदी साधं होतं. ऊनझिरीच्या झऱ्यापाशी चोवीस खुंट्या रोवायच्या, तीन तास जमिनीचं ऐकायचं, खुंट्या उपटायच्या आणि दिवस बुडायच्या सुमारास तळोद्यात चहाला यायचं. पंचवीस वर्षं तो हेच करत आला होता. बरोबर एकटा भिला, यंत्रांच्या बंदिस्त गाडीचा ड्रायव्हर. बाकीची सगळी माणसं वर डोंगरात काठी गावच्या होळीला गेली होती. त्या दोन दिवसांत डोंगरातलं एकही पोर कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि का ऐकावं? कॅम्पच्या साहेबांनी त्यावरून आदल्या दिवशी भरपूर तोंडसुख घेतलं होतं. हेमकांतला मात्र ते बरंच वाटलं. डोंगर रिकामा, ट्रॅक्टर बंद, पाण्याच्या मोटारी बंद. जमिनीचं ऐकायला याहून चांगला दिवस वर्षात मिळत नाही.

खुंटी म्हणजे मुठीत मावेल एवढी डबी, खाली लोखंडी खिळा. खिळा जमिनीत दाबायचा, डबीची तार गाडीपर्यंत आणायची. जमीन केसभर जरी हलली तरी गाडीतल्या पडद्यावर त्या खुंटीची रेघ हलते. एरवी शंभर पावलांवर बोअर मारून त्यात सुरुंग उडवतात आणि त्याचा हादरा खाली किती खोल जाऊन परत येतो ते या रेघांवरून वाचतात. तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या पट्ट्यात वर सगळा काळा दगड. त्या दगडाखाली जुन्या समुद्राचा गाळ आहे का, गाळात तेल आहे का, वायू आहे का, आणि ऊनझिरीचं पाणी तापवणारी उष्णता किती खोलवर आहे, हे हेमकांतच्या कंपनीला शोधून द्यायचं होतं. अहवाल महिनाअखेरीस जाणार होता. नकाशावर एकच जागा कोरी राहिली होती, नाल्यापासून झऱ्यापर्यंतची. मागच्या वर्षी तिथली नोंद घाण, गोंगाटानं भरलेली आली होती.

हेमकांतला त्या जागेचं नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकात जायची. कारण तिथेच मागच्या पौषात दगा नावाचा कामगार नाहीसा झाला होता. तिशीचा, तळोद्याजवळच्या गावातला, अंगानं सडपातळ, म्हणून खड्ड्यात उतरायचं काम त्याच्याकडे. झऱ्यापासून थोडं वर हातानं खणलेला पंधरा फुटी खड्डा होता. त्याच्या तळाशी उष्णता मोजायचा काटा लावायचा. पौषातल्या एका दुपारनंतर दगा कुणाला दिसला नाही. काटा आणि त्याच्या तारेचं भेंडोळंही दिसलं नाही. कॅम्पचे प्रमुख नवनीतसाहेब म्हणाले, तार घेऊन पळाला. तशी तक्रार झाली. तार कमी भरली याचा साक्षीदार म्हणून सही हेमकांतची, कारण तार खरोखरच कमी भरली होती. खड्डा दुसऱ्या दिवशी ढासळलेला आढळला, साहेबांनी 'धोका नको' म्हणून यंत्र लावून तो बुजवून टाकला. आणि आता अहवालासोबत जायचा एक कागद हेमकांतच्या खिशात तीन आठवडे घडी होऊन पडला होता. 'कामाच्या काळात कोणतीही दुर्घटना घडली नाही.' खाली त्याच्या सहीसाठी जागा.

"बापाचा नोकर समजतो साहेब मला," असं तो रोज एकदा तरी म्हणायचा. म्हणायचा, आणि कागद परत खिशात घालायचा. हे त्यालाही कळत होतं आणि त्याचा राग आणखी वाढत होता.

झऱ्यापाशी पोचले तेव्हा दोन वाजले होते. मोहाचा गोड, डोक्यात चढणारा वास आणि त्यात झऱ्याचा गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास. पळस नुसता पेटला होता. कुंडातलं पाणी आवाज न करता वाफाळत होतं. आणि कुंडाच्या कडेला सरलाबाई बसली होती.

सरलाबाई दगाची थोरली बहीण. आई लवकर गेली, हिनंच त्याला वाढवलं. चौदा महिन्यांत ती कॅम्पवर किती वेळा आली असेल याला गणती नव्हती. साहेबांनी तिला फाटकाबाहेर उभं करायला सांगितलं होतं. गाडी दिसताच ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भाऊ, आज जमीन आयकाले येल शेतस ना तुम्ही?"

"हां बाई. तुम्ही आठे थांबू नका. पाय वाजना तरी मन्ही नोंद बिघडस."

"जास मी." पण ती गेली नाही. "भाऊ, लोके म्हनतस, तार चोरीसन सुरतले पळी गया. मन्हा पोऱ्यानी सोयरीक मोडनी त्यापायी. मामा चोर शे म्हने. मी त्याले कडेवर लईसन मोठा करा भाऊ, तो चोर नही शे. तो कठे शे, येवढंच सांगा. जित्ता शे का मरेल शे. मरेल व्हई ते मी रडी तरी लेसू."

हेमकांतला तिच्याकडे बघवेना. त्यानं खुंट्यांची पिशवी उचलली आणि म्हणाला, "मी देखस बाई." काय देखणार होता तो? त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. ती उतारानं खाली आपल्या पाड्याकडे निघून गेली. पार दिसेनाशी होईपर्यंत भिला मान खाली घालून तारांचा गुंता सोडवत बसला. भिला दगाचा जिवाभावाचा मित्र, पण सरलाबाईसमोर त्याची मान कधी वर झालेली हेमकांतनं पाहिली नव्हती.

खुंट्या रोवून झाल्या. एक नंबर नाल्याशी, चोवीस झऱ्याच्या कुंडाशी. सतरावी नेमकी बुजवलेल्या खड्ड्यावर आली. तिथली माती भुसभुशीत आणि कोमट होती, चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी. हेमकांतनं खिळा दाबला आणि तळवा पँटला पुसला.

दोघं गाडीत बसले. दार ओढून घेतलं. आत अंधार, पंख्याची घरघर, आणि पडद्यावर चोवीस सरळ रेघा. इतक्या सरळ रेघा हेमकांतनं पंचवीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या. त्यानं समाधानानं तंबाखू मळली.

पाव तास गेला असेल. एक नंबरची रेघ हलली.

लहानसं टोक आलं आणि गेलं. पुन्हा आलं. मग दोन नंबरवर. मग तीनवर. हेमकांतनं मान पुढे केली. हे त्याला चांगलं ओळखीचं होतं. माणूस रांगेच्या कडेनं चालला की असंच दिसतं. एका खुंटीवर पाऊल मोठं होतं, लहान होतं, पुढच्या खुंटीवर मोठं होतं.

"परत उनी वाटतं बाई," तो वैतागून पुटपुटला. "सांगं व्हतं ना तिले." त्यानं दार ढकललं.

बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. नाल्यापासून कुंडापर्यंत सगळी रांग डोळ्यासमोर उघडी. मध्ये झुडूप नाही की धोंडा नाही. कुणी नव्हतं. शेळी नाही, कुत्रं नाही. गवताचं पातंही हलत नव्हतं.

"अप्पा..." आतून भिलाचा आवाज आला. "अप्पा, कोन चाली ऱ्हायनं?"

पडद्यावर पावलं अकरावर पोचली होती. बारा. तेरा. हेमकांत एकदा बाहेर बघायचा, एकदा आत. चौदा. रिकाम्या, उजेडानं भरलेल्या उतारावर कुणीतरी सावकाश, दमलेल्या माणसासारखं चढत होतं. पंधरा. सोळा. सतरा.

सतरावर पावलं थांबली. पुढे अठराची रेघ सरळच राहिली.

"कोनी नही शे भिला," हेमकांत म्हणाला.

"मी त आठेच बठेल शे..."

पाच मिनिटं काही झालं नाही. मग पुन्हा एक नंबर हलला. पुन्हा दोन, तीन. पुन्हा तीच चाल, तितकीच सावकाश. सतरापर्यंत जाऊन बंद. परत येणारं पाऊल नाही. एकदा, दोनदा, पाचदा. प्रत्येक वेळी जाणारा जात होता आणि येत कुणीच नव्हतं. हेमकांतनं तारा तपासल्या, जोड तपासले, यंत्राला चार शिव्या हासडल्या. सहाव्या वेळी पावलं सतरावर थांबली आणि मग त्या एकाच रेघेवर तीन उंच टोकं उमटली. नीट, सारख्या अंतरानं. जरा थांबून पुन्हा तीन. जरा थांबून पुन्हा तीन.

"ढोल असतील," हेमकांत म्हणाला. "काठीचे." आणि म्हणता म्हणताच त्याला स्वतःचा राग आला. काठी कुठे, ऊनझिरी कुठे. आणि ढोल एकाच खुंटीला ऐकू येतो होय?

भिलानं दोन्ही हातांनी गाडीची कड धरली होती.

"हाऊ पहारना ठोका शे अप्पा."

"काय?"

"खड्डामा वाकीटॉकी चाले नही. मी आनि दगानी ठराई व्हतं. खालथून पहार दगडवर ठोकानी. तीन ठोका म्हंजे... थांबा. खाले मानूस शे."

हेमकांत त्याच्याकडे वळला. "आनि त्या दिन? त्या दिन तू वर व्हतास ना?"

भिला रडायला लागला. मोठा, मिशीवाला माणूस, गुडघ्यात डोकं घालून. "नव्हतू अप्पा. नवनीतसाहेबनी मले तळोदाले धाडं. पाव्हना येल व्हतात, त्यासना जेवनना डबा आनाले. मी म्हनं, दगा खाले शे. साहेब म्हने, मी काढस त्याले वर, तू जाय. मी निंघी गऊ. परत उनू ते साहेब म्हने, दगा पळी गया. मले म्हने, तोंड उघाडं ते चोरीमा तुन्हं बी नाव."

चौदा महिने. चौदा महिने हा माणूस शेजारी बसून गाडी चालवत होता आणि मूग गिळून बसला होता. हेमकांतनं त्याची कॉलर धरली. मारणारच होता. पण पडद्यावर पुन्हा तीन टोकं उमटली आणि त्याचा हात आपोआप सुटला.

"त्यानी ठोकं व्हई," तो म्हणाला. "त्या दिवशी ठोकलं असेल तर माझ्याकडे असायला पाहिजे. खड्ड्याच्या तोंडाशीच खुंटी होती माझी. मग मला का दिसलं नाही?"

मागच्या वर्षीच्या सगळ्या नोंदी गाडीतल्या डिस्कवर होत्या. त्यानं शेजारच्या दुसऱ्या पडद्यावर पौषातला तो दिवस उघडला. चोवीस रेघा आल्या. नव्हे, तेवीस. सतराच्या जागी कोरी पट्टी होती.

त्यानं रोजवही काढली. नोंद घेणाऱ्यानं हातानं लिहायची वही असते ती. पान सापडलं. अक्षर त्याचंच होतं, घाईतलं, पेन्सिलीनं पान फाटेल इतकं दाबून लिहिलेलं.

'१२.३१. सतरा — गोंगाट. कुणीतरी ठोकतंय. बंद केली. हेमकांत.'

एखादी खुंटी फार गोंगाट करत असेल तर नोंद घेणारा ती बंद करतो. त्यात काही गैर नाही, सगळेच करतात. एका बटणाचं काम. हेमकांतला आता ती दुपार जशीच्या तशी आठवली. साहेब वॉकीटॉकीवर घाई करत होते. पाहुणे उन्हात उभे होते, त्यांना सुरुंगाचा धुरळा बघायचा होता. आणि सतरावर कुणीतरी गाढव ठोकत बसलं होतं. त्याचं डोकं फिरलं होतं. तो स्वतः वॉकीटॉकीवर ओरडला होता, "अरे कोण हरामखोर ठोकतोय तिथं? बंद कर!" साहेब म्हणाले होते, "कुणी नाही, लाइन मोकळी आहे." मग त्यानं बटण दाबलं होतं. पडदा छान स्वच्छ झाला होता. १२.४० ला सुरुंग उडाला.

बंद केलेली खुंटी नुसती पडद्यावरून जाते. यंत्र आतल्या आत तिचं लिहीतच असतं. हेमकांतनं बटण पुन्हा दाबलं आणि चौदा महिन्यांपूर्वीची सतरावी रेघ पट्टीत भरत गेली.

१२.२२ पासून तीन ठोके. थांबा. तीन ठोके. थांबा. एकामागून एक, अठरा मिनिटं. शेवटी शेवटी फार घाईघाईनं, अंतर न राखता, जीव तोडून. मग सुरुंगाचा काळा डोंगर, चोवीसही रेघांवर. मग खड्डा ढासळल्याची लांब, विझत जाणारी थरथर. मग सरळ रेघ.

हेमकांतनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ठोके पुन्हा सुरू झाले होते. १२.४३. तीन. थांबा. तीन. थांबा. त्यानं नोंद पुढे सरकवली. एक वाजता ठोके होते. दोन वाजता होते. बारीक होत चालले होते, पण होते. तीन वाजता होते. ३.२० ला नोंद संपली.

"जित्ता व्हता," भिला पुटपुटला. "खाले जित्ता व्हता तो... आम्ही तठेच डबा खादा अप्पा... झऱ्यावर..."

मोबाइल वाजला तेव्हा दोघंही दचकले. नवनीतसाहेब होते.

"हेमकांतभाई, झालं का? कसं येतंय?"

"सतरा नंबरवर ठोके येतायत."

"सतरा बंद करा आणि बाकीचं पाठवून द्या. आणि तो सहीचा कागद उद्या सकाळी टेबलावर पाहिजे. किती दिवस झाले!"

"साहेब, मागच्या वर्षी पण मी सतरा बंद केली होती."

"मग? गोंगाट बंद करायचा नाही तर काय पूजा करायची त्याची?"

"तो खाली होता. तुला भिलानं सांगितलं होतं तो खाली आहे. आणि तू मला सांगितलंस लाइन मोकळी आहे!" हेमकांत इतक्या जोरात ओरडला की चालू पडद्यावरच्या चोवीसही रेघा थरथरल्या. पंचवीस वर्षांत त्यानं कुठल्याही साहेबाला अरेतुरे केलं नव्हतं. "पाहुण्यांना धुरळा दाखवायचा होता ना तुला? दाखवलास! माणूस पुरून दाखवलास! वर त्याला चोर केलंस, आणि माझ्या सहीनं केलंस!"

"नीट बोल. बटण तू दाबलंस, हे विसरू नकोस," साहेब अगदी शांतपणे म्हणाले. "वहीत तुझं अक्षर आहे. बघ विचार करून." फोन बंद झाला.

आणि यातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं हेच, की ते खरं होतं. चौदा महिने हेमकांत साहेबांवर दात खात होता, कंपनीवर खात होता, मूग गिळणाऱ्या कामगारांवर खात होता. सरलाबाई समोर आली की त्याला वाटायचं, या बाईच्या बाजूनं चिडणारा निदान मी एक तरी आहे. आणि ठोके ऐकणारं माणूस त्या सगळ्या उतारावर एकच होतं, गाडीत बसलेलं, आणि त्यानं गोंगाट नको म्हणून ते बंद केले होते.

त्यानं खिशातला कागद काढला, बारीक बारीक फाडला. रोजवहीचं पान मात्र फाडलं नाही. दोघांनी खुंट्या उपटल्या. सतराव्या खुंटीपाशी हेमकांत ओणवा झाला आणि कोमट मातीवर हात ठेवून काही तरी बोलला. काय बोलला ते भिलालाही ऐकू आलं नाही.

दोघं पाड्यावर पोचले तेव्हा सरलाबाई अंगणात तगारीत गवऱ्या मोडत होती. उद्याच्या होळीसाठी असाव्यात. हेमकांत उभ्या उभ्याच म्हणाला. बसला असता तर बोलवलं नसतं.

"बाई, दगा चोर नही शे. तो त्या खड्डामा शे. सुरुंगना आगोदर तो खालथून ठोकी ऱ्हायंता. थांबा म्हनीसन. मले ते दिसं. मले वाटनं कोनीतरी खोडी करी ऱ्हायनं. मी ते बंद करं."

तिचा मोडता हात थांबला. हातातली अर्धी गवरी तशीच.

"तुम्ही आयकं?" ती म्हणाली.

"हां."

"आनि बंद करी टाकं?"

"हां बाई."

त्याला वाटलं ती मारेल. मारायला हवं होतं. तिनं ती गवरी तगारीत ठेवली, पदरानं हात पुसले. मग ती तिथेच मातीत बसली आणि तिनं रडायला सुरुवात केली. चौदा महिन्यांचं रडणं होतं ते. शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. भिला कुडाला टेकून उभा होता, त्यालाही कुणीतरी पाणी दिलं. हेमकांतला कुणी पाणी दिलं नाही, आणि त्याला ते रास्तच वाटलं.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या नोंदी आणि रोजवही पोलिसांपुढे ठेवली. खड्डा उकरला गेला. पंधरा फुटांवर दगा सापडला. पहार त्याच्या मुठीत होती आणि तारेचं भेंडोळं दुसऱ्या दंडात अडकवलेलं, अगदी व्यवस्थित, कंपनीची वस्तू हरवू नये म्हणून. वाराही नसलेल्या त्या दुपारी शेकडो माणसं उतारावर उभी होती. सरलाबाईनं ते भेंडोळं हातात घेतलं आणि आलेल्या सगळ्या पंचांसमोर धरलं. तिच्या मुलाची मोडलेली सोयरीक मोडलीच राहिली, पण चोर हा शब्द त्यानंतर त्या गावात कुणी उच्चारला नाही.

पोलिसांनी साहेबांना नेलं, आणि महिन्याभरात जामिनावर सोडलं. हेमकांतवरही गुन्हा नोंदला गेला. त्यानं वकील केला नाही.

पण गोष्ट इथे थांबली असती तर निदान रडून मोकळं होता आलं असतं. तपासणारी डॉक्टर म्हणाली, मान आणि छातीचा पिंजरा एकाच दणक्यात मोडलाय. दगड कोसळले त्याच क्षणी गेला तो. त्यानंतर एक श्वासदेखील घेतलेला नाही.

"मग १२.४३ ते ३.२० कोण ठोकत होतं?" हेमकांतनं विचारलं. तिनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, तो प्रश्न माझ्या विषयातला नाही.

साहेबांच्या वकिलाला आयतंच मिळालं. तो म्हणाला, नोंद बनावट आहे, हेमकांतनं सूड म्हणून घरी बसून ठोके घातले आहेत. मग नोंदी तपासायला पुण्याहून चारुलता नावाच्या बाईंना बोलावलं. भूकंपाच्या रेघा वाचण्यात आयुष्य गेलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी दोन महिने घेतले. त्यांनी लिहून दिलं की नोंदीला कुणीही हात लावलेला नाही. ठोके खरे आहेत. सुरुंगाआधीचे पंधरा फुटांवरून आलेले आहेत, यात शंका नाही.

नंतरचे ठोके कुठून आले तेही त्यांनी काढलं होतं. शेजारच्या खुंट्यांवरही ते ठोके नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक उमटले होते, आणि आवाज एका खुंटीला आधी आणि दुसरीला किती उशिरानं पोचतो, यावरून खोली काढता येते. त्यांनी हेमकांतला बोलावून एक कागद पुढे सरकवला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

१२.४३ चे तीन ठोके वीस फुटांवरून होते. एक वाजताचे दीडशे फुटांवरून. पावणेदोनचे सातशे. दोन वाजताचे हजार फुटांहून खोल, अखंड काळ्या दगडातून, जिथे सुईला शिरायला जागा नाही. तीन वाजताचे दोन हजारांच्या पलीकडून. दोन ठोक्यांमधला वेळ तोच, जोर तोच. बारीक झाले होते ते फक्त लांब गेले म्हणून.

हा कागद कंपनीच्याही हाती लागला. अहवाल मुदतीपेक्षा उशिरा गेला, पण गेला. नकाशावरची कोरी जागा भरली होती. तिथे लाल गोल होता, आणि खाली लिहिलं होतं की ऊनझिरीच्या झऱ्याखाली खोलवर जाणाऱ्या भेगेतून उष्ण पाण्याची किंवा वायूची सक्रिय हालचाल नोंदवली गेली आहे, संपूर्ण पट्ट्यात हीच जागा सर्वांत आशादायक असून पहिला खोल बोअर इथेच घ्यावा. खाली नव्या प्रमुखाची सही.

हेमकांतनं ते वाचलं. तो तसाच तळोद्याला गेला, तिथून जीपनं पाड्यावर. सरलाबाईला त्यानं सगळं समजावून सांगितलं, खोलीचे आकडे, लाल गोल, येणारं यंत्र. तिनं लक्ष देऊन ऐकलं.

"तीन ठोका म्हंजे थांबा ना भाऊ?"

"हां बाई."

"मंग ह्या थांबतस काबर नहीत?"

पावसाळा सरला की यंत्र येईल. रस्ता रुंद करायचं काम सुरूही झालंय. आजही हेमकांत रात्री कधी मध्येच उठतो, तो कागद काढतो आणि शेवटची ओळ बघतो. ३.२० ला, दोन हजार तीनशे फुटांवर. त्याच्यापुढे काही नाही, कारण ३.२० ला त्यानं यंत्र बंद केलं होतं आणि तो जेवायला गेला होता.